ब्लेझ पास्कलची ख्रिस्ती श्रद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पास्कलच्या देवाबद्दल बोलायला निघालं की दहातले नऊ जण त्या प्रसिद्ध पैजेवर येऊन थांबतात. ‘देव असला तर फायदा, नसला तर तोटा नाही, म्हणून मानून टाका’ एवढंच त्याच्या नावावर उरलं आहे. मी गणित शिकवतो आणि पास्कलवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून हे मला फार लागतं. त्याची श्रद्धा हिशेबातून आलेली नव्हती. ती कुठून आली, तिने त्याला काय करायला लावलं, याविषयी विद्यार्थी आणि मित्र जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

पास्कल म्हणजे शाळेत दाबाचं एकक शिकतो तोच ना?

तोच. हवामानखात्याच्या बातमीत कमी दाबाचा पट्टा सांगताना जे ‘हेक्टोपास्कल’ येतं, ते त्याच्याच नावावरून. जन्म 19 जून 1623, फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागातल्या क्लेर्मों गावी. मृत्यू 19 ऑगस्ट 1662, पॅरिसमध्ये. म्हणजे जेमतेम 39 वर्षांचं आयुष्य, आणि त्यातलं बरंचसं आजारपणात गेलेलं.

आई तो तीन वर्षांचा असताना गेली. वडील एत्येन करखात्यातले अधिकारी होते आणि स्वतः चांगले गणिती. आधी लॅटिन आणि ग्रीक पक्कं व्हावं म्हणून त्यांनी मुलापासून भूमितीची पुस्तकं लपवून ठेवली. थोरली बहीण जिल्बेर्त हिने लिहून ठेवलं आहे की बारा वर्षांचा ब्लेझ जमिनीवर कोळशाने आकृत्या काढत बसायचा. शब्द माहीत नाहीत, म्हणून रेषेला ‘दांडी’ आणि वर्तुळाला ‘गोल’ म्हणायचा. असं करत करत तो त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते, इथवर पोचला होता. वडिलांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांवर, निबंध लिहिला, आणि एकोणिसाव्या वर्षी वडिलांचा कराच्या आकडेमोडीचा त्रास वाचावा म्हणून बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं.

‘पास्कलचा त्रिकोण’ त्याने शोधला का?

नाही. हा आकड्यांचा त्रिकोण, ज्यात प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज असतो. आपल्याकडे पिंगलाच्या छंदशास्त्रात त्याचं बीज आहे, आणि दहाव्या शतकात हलायुधाने मेरुप्रस्तार म्हणून तो स्पष्ट मांडला. चीन आणि इराणमध्येही तो ठाऊक होता. पास्कलचं श्रेय असं, की त्या त्रिकोणाचे गुणधर्म त्याने ओळीने सिद्ध केले आणि ते करताना गणिती विगमनाची पद्धत (एका पायरीवरून पुढची पायरी सिद्ध करत जाणं) स्वच्छ वापरून दाखवली.

तो लहानपणापासूनच धार्मिक होता का?

घर कॅथलिक होतं, पण चारचौघांसारखं. वडिलांनी एक नियम मात्र घालून दिला होता: जे श्रद्धेचं आहे ते तर्काने तपासायचं नाही, आणि जे तर्काचं आहे तिथे कुणाचा शब्द प्रमाण मानायचा नाही. पास्कलने हा नियम जन्मभर पाळला.

बदल सुरू झाला तो एका अपघाताने. जानेवारी 1646 मध्ये वडील बर्फावरून घसरले आणि मांडीचा सांधा निखळला. तेव्हा हे कुटुंब रुआंला राहत होतं. हाडं बसवण्यात तरबेज असलेले दोघे भाऊ त्यांच्या घरी येऊन तीन महिने राहिले. दोघेही एका कडक, अंतर्मुख धर्मविचाराचे अनुयायी होते. वडिलांचा पाय बरा झाला आणि जाताना त्यांनी ठेवलेली पुस्तकं घरात वाचली जाऊ लागली. आधी ब्लेझला ती भावली, मग त्याने धाकट्या बहिणीला, जाकलीनला, ओढलं, आणि मग सगळं घर त्या विचाराचं झालं. अभ्यासक याला पास्कलचं ‘पहिलं परिवर्तन’ म्हणतात. पण ते बरंचसं डोक्यातच राहिलं.

तो विचार म्हणजे जान्सेनवादच ना? तो नेमका काय होता?

हो. ईप्रचे बिशप कॉर्नेलियस जान्सेन यांनी संत ऑगस्टिनवर लिहिलेला मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये निघाला, त्यावरून हे नाव पडलं. गाभा थोडक्यात असा: पापात पडलेला माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळूच शकत नाही. वळतो तो केवळ देवाच्या कृपेने, आणि ती कृपा कमावता येत नाही. पॅरिसजवळचा पोर-रोयाल हा स्त्रियांचा मठ या विचाराचं केंद्र होता. 1653 मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी जान्सेनच्या नावावर मांडलेली पाच विधानं पाखंड म्हणून नाकारली आणि तिथून पोर-रोयालवर संकटं सुरू झाली.

जाकलीनचा उल्लेख सारखा येतो. ती एवढी महत्त्वाची का?

कारण तिच्याशिवाय पास्कलची गोष्ट सांगताच येत नाही. ती त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, बालपणापासून कविता करणारी. भावाच्या शब्दाने ती श्रद्धेकडे वळली आणि भाऊ मात्र मागे राहिला. वडील 1651 च्या सप्टेंबरात वारले, आणि पुढच्या जानेवारीत ती पोर-रोयालच्या मठात निघून गेली. तिने जाऊ नये म्हणून पास्कलने विनवण्या केल्या. मठाला द्यायच्या तिच्या वाट्याच्या पैशांवरून भावंडांत कडूपणाही आला, शेवटी त्याने पैसे दिले.

पुढची दोन-तीन वर्षं तो पॅरिसच्या उच्चभ्रू मंडळींत वावरला. जुगाराचे, शिकारीचे शौकीन मित्र, उत्तम गप्पा, नाव. आणि 1654 च्या शरद ऋतूत तोच मठाच्या जाळीपलीकडे बसलेल्या जाकलीनला भेटायला वारंवार जाऊ लागला. जगाचा वीट आला आहे, पण देवाकडेही ओढ वाटत नाही, अशी कबुली त्याने तिला दिली होती. आपणच जिला वाट दाखवली तिच्यासमोर बसून हे कबूल करणं किती अवघड गेलं असेल!

23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री काय झालं?

बाहेरून पाहिलं तर काहीच नाही. एक माणूस आपल्या खोलीत होता. त्याने स्वतःच वेळ नोंदवली आहे: रात्री सुमारे साडेदहापासून साडेबारापर्यंत. त्या दोन तासांबद्दल त्याने एका कागदावर मोजक्या ओळी लिहिल्या. वर तारीख आणि त्या दिवसाच्या संतांची नावं, मग मधोमध एकच शब्द: ‘अग्नी’. आणि खाली:

‘अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव. तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. खात्री. खात्री. भाव. आनंद. शांती.’

पूर्ण वाक्यं जवळजवळ नाहीतच. ‘आनंद, आनंद, आनंद, आनंदाचे अश्रू’ असं येतं, आणि लगेच ‘मी त्याच्यापासून दूर गेलो’ हेही येतं. ‘माझ्या देवा, तू मला सोडून जाशील का?’ असा प्रश्न येतो. येशू ख्रिस्ताचं नाव एकामागून एक ओळीत येतं. शेवटची ओळ स्तोत्रसंहितेतली आहे: तुझं वचन मी विसरणार नाही.

ज्याची गद्यशैली फ्रेंच भाषेत आजही नमुना मानली जाते, त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी तुटक लिहावी, यातच मला तिचा खरेपणा दिसतो. हे कुणाला दाखवायला लिहिलेलं नाही.

तो कागद कोटात शिवलेला होता, ही दंतकथा तर नाही?

नाही. त्याने हयातीत कुणालाही, जाकलीनलासुद्धा, त्याबद्दल सांगितल्याचं दिसत नाही. मृत्यूनंतर काही दिवसांनी एका नोकराला त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात काहीतरी जाड लागलं. उसवून पाहिलं तर चर्मपत्राची घडी, आणि तिच्या आत हा कागद. दोन्हींवर जवळपास तोच मजकूर. अंगरखा बदलला की तो ते उसवून नव्यात शिवत असणार, म्हणजे आठ वर्षं ते त्याच्या अंगावर होतं. चर्मपत्र पुढे हरवलं, भाच्याने केलेली त्याची नक्कल उरली. कागद मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

‘तत्त्वज्ञांचा देव नव्हे’ याचा अर्थ काय?

‘अब्राहामाचा देव’ हे शब्द बायबलमधल्या निर्गम या पुस्तकातले आहेत. जळत्या झुडपातून देव मोशेला आपली ओळख सांगतो ती अशी, माणसांच्या नावांनी. विश्वाचं आदिकारण किंवा भूमितीच्या नियमांचा कर्ता म्हणून नव्हे. पास्कलच्या काळी देकार्तसारखे विद्वान देवाचं अस्तित्व तर्काने सिद्ध करत होते. पास्कलला ते खोटं वाटत नव्हतं, निरुपयोगी वाटत होतं. सिद्धता ऐकताना पटते आणि तासाभराने आपण कुठे चुकलो तर नाही ना, अशी शंका येते, असं त्याने लिहिलं आहे.

सगुण-निर्गुणाची चर्चा कानांवरून गेलेल्या मराठी वाचकाला हा भेद पटकन जवळचा वाटेल. पण पास्कलच्या मनात त्याहून नेमकी गोष्ट होती: देव कळतो तो फक्त येशू ख्रिस्तामधून. ख्रिस्ताशिवाय देव जाणला तर माणूस गर्विष्ठ होतो, आणि देवाशिवाय आपलं दैन्य जाणलं तर निराश होतो, असं तो म्हणे.

मग ती पैज कुठून आली? आणि ती नेमकी काय आहे?

तिचं मूळ जुगारात आहे, आणि तिथे गणितही खरंखुरं आहे. 1654 च्या उन्हाळ्यात, म्हणजे त्या रात्रीच्या काही महिने आधी, पास्कल आणि तुलूझचा न्यायाधीश-गणिती फर्मा यांच्यात पत्रव्यवहार झाला. प्रश्न असा: खेळ मध्येच मोडला तर डावातले पैसे कसे वाटायचे? पास्कलचं उदाहरण घ्या. दोघांनी प्रत्येकी 32 मोहरा लावल्या, तीन डाव आधी जिंकेल त्याला सगळ्या 64. एकाचे दोन डाव झाले आहेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पुढचा डाव पहिला जिंकला असता तर त्याला 64, हरला असता तर बरोबरी होऊन 32. म्हणजे तो म्हणू शकतो, ‘32 तर माझ्या आहेतच. उरलेल्या 32 तुझ्या किंवा माझ्या, शक्यता सारखी, तेव्हा त्या निम्म्या वाटू.’ पहिल्याला 48, दुसऱ्याला 16. न घडलेल्या गोष्टीची किंमत काढायची ही रीत, आणि संभाव्यतेचं शास्त्र इथून उभं राहिलं.

पुढे त्याने हीच रीत त्याच्या त्या जुगारी, अश्रद्ध मित्रांसाठी वापरली. देव आहे की नाही हे तर्क ठरवू शकत नाही, पण पैज न लावण्याची मुभा नाही, कारण तुम्ही आधीच नावेत बसला आहात. जगणं म्हणजेच पैज लावणं. लावायचं ते मर्यादित, एक आयुष्य. मिळायचं ते अनंत. हरण्याच्या शक्यता कितीही असोत, त्या मर्यादित असतील तर अनंत बक्षिसापुढे विचार करत बसायला जागाच नाही.

तो मूळ कागद पाहण्यासारखा आहे. समासात, आडवं, उलटं, जिथे जागा मिळेल तिथे लिहिलेलं. वर मथळा: ‘अनंत – शून्य’. तो एका कच्च्या मसुद्याचा तुकडा आहे, त्याच्या श्रद्धेची घोषणा नव्हे.

पैजेत चूक आहे असं म्हणतात. ते खरं का?

सिद्धता म्हणून पाहिलं तर आक्षेप भक्कम आहेत. फ्रेंच विचारवंत दिदरोने पुढच्या शतकात म्हटलंच, की एखादा इमामही हाच युक्तिवाद करू शकेल. अनंत बक्षीस मांडलं की गणितही विचित्र वागू लागतं, कारण कितीही लहान शक्यतेला अनंताने गुणलं तरी उत्तर अनंतच.

पण पास्कल तिथे थांबत नाही, आणि लोक नेमकं पुढचं वाचत नाहीत. मित्र म्हणतो, ‘पटतंय, पण माझ्याच्याने विश्वास ठेवणं होत नाही. मी काय करू?’ पास्कल त्याला आणखी युक्तिवाद ऐकवत नाही. तो म्हणतो, तुझी अडचण बुद्धीची नाही, वासनांची आहे. तर ज्यांनी ही वाट चालून पाहिली त्यांच्यासारखं वाग, पवित्र पाणी घे, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सांगून घे. आणि अखेरीस सांगतो, हे बोलणं तुला भावलं असेल तर एवढं जाण की ते बोलणारा माणूस आधी आणि नंतर गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत होता. श्रद्धा ही देवाने द्यायची गोष्ट आहे, असं मानणाऱ्याकडून पैजेची एवढीच अपेक्षा होती: दार अडवून बसलेला दगड बाजूला सारायचा.

त्या रात्रीनंतर त्याने गणित सोडलं का?

सोडलं असं सर्रास लिहिलं जातं, पण ते खरं नाही. 1658 मध्ये एका रात्री दातदुखीने झोप येईना, म्हणून मन गुंतवायला तो चक्रजावर विचार करत बसला. चक्रज म्हणजे चाकाच्या कडेवरच्या बिंदूने चाक फिरताना काढलेली कमान. दातदुखी थांबली आणि प्रमेयं मिळाली. मित्र ड्यूक द रोआनेझ म्हणाला, एवढा मोठा गणिती ख्रिस्ती श्रद्धेवर लिहितो आहे हे लोकांना कळलं तर ते लक्ष देतील. म्हणून टोपणनावाने स्पर्धा जाहीर केली. त्यातल्या लेखनातून पुढे जर्मन गणिती लायब्निझला कलनशास्त्राची वाट दिसली, असं लायब्निझनेच सांगितलं आहे.

तरी गणिताची त्याच्या मनातली जागा बदलली होती. ऑगस्ट 1660 मध्ये त्याने फर्माला लिहिलं, की भूमिती हा बुद्धीचा सर्वोच्च व्यायाम आहे, जगातला सगळ्यात सुंदर हुन्नर आहे, पण शेवटी हुन्नरच. तिच्यासाठी मी दोन पावलंही चालणार नाही. ज्याने लहानपणी कोळशाने ती स्वतः शोधली त्याचे हे शब्द वाचून गणित शिकवणाऱ्याला वाईट वाटतं. मलाही वाटतं. पण त्याने शरीर, बुद्धी आणि प्रेम अशा तीन पातळ्या मानल्या होत्या. सगळी शरीरं मिळून एक विचार होत नाही, आणि सगळे विचार मिळून खऱ्या प्रेमाचा एक कण होत नाही. गणित दुसऱ्या पातळीवरचं होतं, एवढंच तो म्हणत होता.

त्याच्या श्रद्धेचं आणि विज्ञानाचं कधी भांडण झालं का?

त्याच्या मनात झालं नाही. ‘निसर्गाला पोकळीचं वावडं आहे’ हे तेव्हा जवळजवळ धर्मवचनासारखं मानलं जाई. पास्कलने मेहुणा फ्लोरँ पेरिए याला 19 सप्टेंबर 1648 रोजी पुई द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन पाठवलं. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा तीन इंचांहून जास्त खाली उतरला. म्हणजे नळीतला पारा धरून ठेवतो तो हवेचा भार. धर्मशास्त्रात परंपरेचा शब्द अंतिम, पण पदार्थविज्ञानात प्रयोगाचा, असं त्याने स्वच्छ लिहिलं. गॅलिलिओविरुद्ध रोमने काढलेल्या हुकमाने पृथ्वी स्थिर असल्याचं सिद्ध होणार नाही, हेही त्याने 1657 मध्ये छापून सांगितलं. ते लिहिताना तो निष्ठावंत कॅथलिकच होता.

जेझुइटांशी त्याचं काय भांडण होतं?

पोर-रोयालच्या बचावासाठी त्याने जानेवारी 1656 ते मार्च 1657 या काळात टोपणनावाने अठरा पत्रं छापली. जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ. त्यातले काही पंडित पापाची व्याख्या इतकी सैल करतात की धनवंताला आणि दरबाऱ्याला सगळंच माफ होतं, असा त्याचा आरोप होता. पत्रं हातोहात खपली आणि त्याच वर्षी रोमने ती निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकली. जेझुइट म्हटलं की मराठी वाचकाला 1616 मध्ये ख्रिस्तपुराण छापणारे फादर स्टीफन्स आठवतात, आणि तेही योग्यच आहे. पास्कलचा रोख सगळ्या संघावर सारखाच न्याय्य होता, असं मला वाटत नाही.

तो चमत्कार मानायचा?

हो, आणि एक तर घरातच घडला. भाची मार्गरीत दहा वर्षांची होती. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नासूराने तीन वर्षं बेजार. 24 मार्च 1656 रोजी मठात ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला मानलेला एक काटा तिच्या डोळ्याला लावला, आणि ती बरी झाली. पॅरिसच्या धर्मप्रांताने चौकशी करून तो चमत्कार मान्य केला. पास्कलने आपली पत्रांवर उमटवायची मोहोरच बदलून घेतली: काट्यांच्या मुकुटात एक डोळा, आणि बायबलमधल्या संत पौलाचे शब्द, ‘मी कोणावर विश्वास ठेवला ते मला ठाऊक आहे.’ त्याच धक्क्यातून त्याने ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनाचा मोठा ग्रंथ योजला. तो पुरा झाला नाही. मोठ्या कागदांवर टिपणं लिहायची, कात्रीने कापायची आणि दोऱ्यात ओवून गठ्ठे करायचे, अशी त्याची पद्धत होती. त्या शेकडो तुकड्यांचं पुस्तक 1670 मध्ये निघालं. ‘हृदयाची स्वतःची कारणं असतात, ती बुद्धीला ठाऊक नसतात’ हे वाक्य त्यातलंच.

काटेरी पट्ट्याची गोष्ट खरी आहे का?

जिल्बेर्तने लिहिली आहे. टोकं असलेला लोखंडी पट्टा तो अंगाला बांधे आणि बोलताना अभिमान चाळवला की कोपराने दाबे. आज हे वाचवत नाही, आणि त्याचं कौतुक करावं असं मला वाटत नाही. पण ते लपवूही नये.

श्रद्धेतून त्याने लोकांसाठी काही केलं का?

18 मार्च 1662 रोजी पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळी धावणाऱ्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू झाल्या. भाडं पाच सू. कल्पना पास्कलची. आपल्या एसटीची आणि बेस्टची ती दूरची पणजी म्हणायची. त्या हिवाळ्यात ब्लुआ भागात लोक उपाशी मरत होते, म्हणून धंदा सुरू होण्याआधीच त्याने भागीदारांकडे हजार फ्रँक आगाऊ मागितले, तिथल्या गरिबांना पाठवायला. ते मिळाले नाहीत.

शेवटच्या दिवसांत त्याने एका गरीब कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या. त्या आजारी मुलाला हलवणं धोक्याचं, म्हणून जूनअखेर स्वतः अंथरुणाला खिळलेला पास्कल घर सोडून जिल्बेर्तकडे राहायला गेला. तिथून तो परतला नाही.

शेवटी त्याचं चर्चशी नातं कसं राहिलं?

दुखरं, पण तुटलेलं नाही. 1661 मध्ये पोर-रोयालच्या स्त्रियांना जान्सेनचा निषेध करणाऱ्या मजकुरावर सही करायला लावलं. जाकलीनने फार यातनांनी सही केली आणि त्याच ऑक्टोबरात, छत्तिसाव्या वर्षी, ती गेली. पुढे सहीच्या प्रश्नावर मित्रमंडळीच माघार घ्यायला निघाली, तेव्हा पास्कल त्या बैठकीत शुद्ध हरपून पडला. तरीही तो चर्चमध्येच राहिला. 2023 मध्ये त्याच्या चारशेव्या जयंतीला पोप फ्रान्सिस यांनी त्याच्या गौरवार्थ खास पत्र प्रसिद्ध केलं.

त्याचा मृत्यू कसा झाला?

आजार फार असह्य झाला तेव्हा त्याने ख्रिस्तप्रसाद (ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर) मागितला. डॉक्टर म्हणाले, एवढी वेळ आलेली नाही. मग तो म्हणाला, ते मिळत नसेल तर एखाद्या गरीब रोग्याला या घरात आणा आणि माझ्याइतकीच त्याची शुश्रूषा करा; ख्रिस्त मस्तकाच्या रूपाने मिळत नाही, तर त्याच्या अवयवांच्या, म्हणजे गरिबांच्या, रूपाने तरी मिळू दे. तसा रोगी हलवण्याजोगा सापडला नाही. तेव्हा तो म्हणाला, मग मला असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात न्या, मला गरिबांच्या संगतीत मरायचं आहे. डॉक्टरांनी तेही होऊ दिलं नाही.

शेवटी धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद घेऊन आले. तो अर्धवट उठून बसला, रडत तो घेतला. 19 ऑगस्टला रात्री एकच्या सुमारास प्राण गेला. त्याआधीचे शेवटचे शब्द जिल्बेर्तने टिपून ठेवले: ‘देवाने मला कधी सोडू नये.’ अंगरख्याच्या अस्तरात आठ वर्षं शिवलेल्या कागदावर जवळपास हाच प्रश्न होता, हे तेव्हा खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.